थर्माकोलखालची तारीख

अभिमन तायडेला आमच्या नात्यागोत्यात कुणी लग्नाची पत्रिका देत नाही. अगदीच नाइलाज झाला तर तोंडी सांगतात, तेही असं की त्याला ऐकू आलं नाही तर बरं. "या हं भाऊ," म्हणायचं आणि तारीख सांगायची विसरायची. तीन वर्षं झाली याला. बरं, त्यानं चोरी केली नव्हती, दारू पिऊन मांडवात पडला नव्हता. तसं काही केलं असतं तर लोकांनी वर्षभरात पोटात घातलं असतं. मांडवात पडलेले आमचे दोन जावई आज पंगतीत वाढायला सगळ्यांच्या पुढं असतात. अभिमननं केलं ते त्याहून भयंकर. त्यानं आहेर उघडला. सगळ्यांसमोर, माइक चालू असताना.

ते कसं झालं हे कळायला आधी हा माणूस कळायला पाहिजे.

अभिमन मूळचा पहूरचा, माझ्या लांबच्या नात्यातला. जळगावात बळीराम पेठेत लीलाधरशेठचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, त्या दुकानाच्या जिन्याखाली याची रिपेअरिंगची जागा. जागा एवढी की उभं राहिलं तर डोकं पायरीला लागायचं, म्हणून तो दिवसभर बसूनच रागवायचा. राग हा त्याचा मूळ धंदा आणि रिपेअरिंग जोडधंदा, असं मी म्हणायचो. गिऱ्हाइकानं टेपरेकॉर्डर पुढं ठेवला की हा झाकण उघडून आत बघणार आणि विचारणार, "यात गाणी ऐकता का भाकरी भाजता?" गिऱ्हाईक ओशाळं व्हायचं, पण दुसरीकडे जायचं नाही. कारण अभिमनच्या हाताखालून गेलेली वस्तू पुन्हा बिघडत नसे, आणि बिघडलीच तर तो पैसे न घेता दुरुस्त करून वर शिव्याही देत असे.

मी दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर होऊन जळगावात आलेलो. सकाळी पेपर वाचून झाला की या जिन्याखालच्या स्टुलावर माझी बैठक. बायको म्हणायची, तुम्हाला घरी चहा मिळत नाही का? मिळतो, पण घरच्या चहाबरोबर बातम्या मिळत नाहीत.

त्र्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर लीलाधरशेठकडे मुंबईहून टीव्ही गेमचे खोके यायला लागले. टीव्हीला जोडायचं एक चपटं मशीन, दोन वायरींना लोंबणारे दोन रिमोट, भिंतीतल्या प्लगात घालायचा अडॅप्टर, आणि वरच्या खाचेत खोचायची कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं असायचं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. अभिमननं पहिल्याच दिवशी दुपारभर बसून मोजले. "नाना, चौदा आहेत," तो म्हणाला. "चौदा संपले की पुन्हा तेच चौदा, नाव बदलून. मोटारीचा रंग निळ्याचा लाल केला की झाला नवा गेम! कोण नालायक बसून हे लिहितो?"

ट्रान्सपोर्टनं आलेला एकूण एक खोका आधी अभिमनकडे यायचा. तो मशीन टीव्हीला लावून बघायचा, दोन्ही रिमोटची बटणं दाबून बघायचा, पुन्हा होतं तसं भरायचा. भरताना खालच्या थर्माकोलच्या बुडाला बॉलपेननं तारीख टाकायचा आणि पुढं लिहायचा, अ. ता.

मी एकदा विचारलं, "हे कशाला रे? तिथं कोण वाचायला जाणार आहे?"

"मी. उद्या मशीन मेलं तर किती दिवस जगलं ते कळायला नको?"

पहिले गिऱ्हाईक आमचे दीपनगरवाले. पगाराची माणसं, आणि वीज केंद्राच्या कॉलनीत लाइट कशाला जाईल? पोरं तर पोरं, शिफ्ट करून आलेले बापही रिमोट घेऊन बसायचे. तीन महिन्यांत बटणांखालचे रबर झिजून अभिमनकडे आले. सहा महिन्यांत लोक दुसरी कॅसेट मागायला लागले. अभिमन त्यांच्यावर ओरडायचा, "बटण दाबायचं असतं, ठोकायचं नसतं!" पण आतून खूश असायचा.

मग चौऱ्याण्णवची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आता आम्ही बौद्ध मंडळी आखाजीला घागर वगैरे पुजत नाही, पण लेकीबाळी माहेरी येतातच, आमरस होतो, झोके बांधले जातात. त्या वर्षी कुठल्याशा मामानं भाच्याला टीव्ही गेम दिला. झालं! दुसऱ्या मामाच्या घरात भांडण. पुढच्या आखाजीला प्रत्येक मामाला टीव्ही गेम देणं भाग पडलं, आणि मामांच्या मागोमाग लग्नांतही तोच आहेर आला. साडी-चोळी, तांब्या-परात मागं पडली. मांडवात खोका नेऊन ठेवला की काम झालं. दिसायला मोठा, किमतीला हजार-बाराशे, वर रंगीत चित्र. कुणी उघडून विचारत नाही की आत काय आहे.

लीलाधरशेठनं दुकानाच्या भिंतीवर आलेखाचा भला मोठा कागद लावला होता. तीन हात लांब, त्यावर लाल रेघ. त्र्याण्णवच्या दिवाळीत जमिनीशी, शहाण्णवच्या आखाजीला छताशी. शेठ केस काळे करायचा आणि रेघ लाल. दोन्हींकडे तो सकाळी आल्याबरोबर आरशात बघितल्यासारखा बघायचा. त्या रेघेवर कंपनीनं त्याला दोनदा गोव्याला नेलं होतं.

आता कुंदाबाई. अभिमनची धाकटी बहीण. दिलेली चाळीसगावला, नवरा रेल्वेत, आज मनमाड तर उद्या भुसावळ. तिनं पदरचं घालून स्टेशन रोडला शिवणकामाचं दुकान टाकलं होतं. तीन मशिनी, हाताखाली दोन बायका. ब्लाउज शिवावा तर कुंदाबाईनं, असं चाळीसगावात म्हणायचे. माहेरी पहूरला असताना ती "मले-तुले" बोलायची, चाळीसगावला जाऊन पक्की अहिराणी बोलायला लागली. फारच रागात असली की दुसरं काही सुचायचंच नाही. रागाच्या बाबतीत ती भावाहून कमी आहे असं कुणी समजू नये. एवढंच की ती जमवून ठेवायची आणि भाऊ रोजच्या रोज खर्च करायचा.

शहाण्णवच्या आखाजीनंतर आठवड्याभरात ती जळगावला आली, थेट लीलाधरशेठकडे. मी जिन्याखाली होतोच. शेठनं तिला आलेखासमोर खुर्ची दिली, थंडा मागवला. चाळीसगावची एजन्सी तिला द्यायचं घाटत होतं. अट अशी की दुकानात दुसरं काही ठेवायचं नाही. मशिनी विकायच्या, पाटी बदलायची, आणि दिवाळीच्या आत दोनशे खोके उचलायचे. मशिनींना गिऱ्हाईकही ठरलं होतं. एक जूनला ते टेम्पो घेऊन येणार होतं.

अभिमन हातातली सोल्डरगन तशीच घेऊन आत घुसला.

"कुंदे, ऊठ."

"भाऊ, मी शेठशी बोलतेय."

"तेच म्हणतो. ऊठ. शेठ, हिला खोटं सांगू नका. हे मशीन कुणी चालवत नाही."

लीलाधरशेठ हसला. "तायडे, रेघ दिसते ना तुला? अडीच वर्षांत नऊशे खोके गेले माझ्या दुकानातून. चालवत नाहीत तर लोणचं घालतात का?"

"काय घालतात मला माहीत नाही. पण चालवत नाहीत. दीपनगरात तीस-पस्तीस मशीन गेली, प्रत्येकाचं बटण झिजून आलं, प्रत्येकानं दुसरी कॅसेट नेली. बाकीच्या साडेआठशेतून कॅसेट किती गेल्या? विचारा शेठला, कुंदे. बारा! आणि अडॅप्टर? आपल्याकडं लाइट दिवसातून चारदा जातो, येतो तेव्हा पंखा विमानासारखा फिरतो. पहूरला, जामनेरला, चाळीसगावला कुणी रोज हे मशीन लावलं तर सहा महिन्यांत अडॅप्टर जळलाच पाहिजे. माझ्याकडं जळका अडॅप्टर यायलाच पाहिजे! कुठं आहेत ते?"

"माल चांगला आहे, बिघडत नाही," शेठ शांतपणे म्हणाला. "तुझं काम कमी झालं म्हणून तू चिडतोस. बहिणीचं भलं होतंय ते तर बघ."

आणि कुंदाबाईनं नेमकं ते ऐकलं. "भाऊ, तू साऱ्या जन्मात कधी कशाला बरं म्हटलंस का? मशीन बिघडलं तरी बोंब, नाही बिघडलं तरी बोंब!"

मला हसू आलं, ते मी मिशीत ठेवलं. पण अभिमनचा चेहरा बघून नंतर माझंच मला वाईट वाटलं. बिघडत नाही म्हणून धंदा आजारी आहे, हे एका कारागिराशिवाय कुणाला कळणार? आणि खरं सांगायचं तर त्यालाही अर्धंच कळलं होतं. खोके चालत नाहीत एवढं त्याला ठाऊक होतं, पण मग ते जातात कुठं, हे नव्हतं.

ते कळलं पहूरला, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी.

माझा पुतण्या वाल्मीक, त्याच्या मुलीचं लग्न. मांडव शाळेच्या पटांगणात. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार, समोर मेणबत्त्या. वंदना झाली, मंगल परिणय झाला, टाळ्या झाल्या. मग आहेर. आमच्याकडं आहेर नुसता देऊन चालत नाही, माइकवरून पुकारावा लागतो, नाहीतर दिल्यासारखा वाटत नाही. पुकारायला पंडित मास्तर बसले होते. आवाज असा की पाचोऱ्यापर्यंत कुणी काय दिलं ते कळावं.

"जामनेरच्या पुष्पाबाईंकडून, टीव्ही गेम!"

"भुसावळच्या यादवरावांकडून, टीव्ही गेम!"

असे अकरा झाले. मांडवात खोक्यांची भिंत उभी राहिली. नवरदेव सातपुड्याच्या पायथ्याशी आश्रमशाळेत शिक्षक. त्याच्या खोलीत एक बल्ब आणि एक स्टोव्ह. अकरा टीव्ही गेम मिळाले त्याला, टीव्ही एकानंही दिला नव्हता. मी हे बाजूच्या माणसाला म्हणालो तर तो गंभीरपणे म्हणाला, "टीव्ही महाग पडतो ना, नाना."

लीलाधरशेठही आला होता. वाल्मीक त्याचं जुनं गिऱ्हाईक. पहिल्या रांगेत सफारी घालून सरबत पीत होता, आणि अकरापैकी एक खोका त्याचा होता. पंडित मास्तरांनी खास पुकारलं होतं, "जळगावचे सुप्रसिद्ध व्यापारी लीलाधरशेठ यांच्याकडून, अगदी नवा कोरा!" त्याच्या मागच्या रांगेत कुंदाबाई. सहा दिवसांनी तिच्या मशिनी जाणार होत्या.

नवरदेवाचे वडील साधे गृहस्थ. ते अभिमनजवळ आले आणि अगदी आदरानं म्हणाले, "भाऊ, तुम्ही यातले जाणकार. आम्ही कधी बघितलं नाही हे. एखादं लावून दाखवता का?"

शेजारच्या घरातून टीव्ही आणला. टेबलावर ठेवला, पंडित मास्तरांच्या माइकच्या शेजारी. अभिमननं वरचा खोका काढला, पुष्पाबाईंचा. सेलोटेप कापली, मशीन बाहेर घेतलं. सवयीनं थर्माकोल उलटा केला.

आणि तसाच थांबला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"एकोणीस, दहा, त्र्याण्णव," अभिमन म्हणाला. माइकमधून ते साऱ्या पटांगणात गेलं. "पुष्पाअक्का, हा खोका तुम्ही कधी घेतला?"

पुष्पाबाई मांडवाच्या त्या टोकाला. "गेल्या महिन्यात! आमच्या मुलीच्या साखरपुड्यात आला... म्हणजे, घेतला!"

लोक हसले. हसले तोवर बरं होतं.

अभिमननं दुसरा खोका फाडला. "दोन, अकरा, चौऱ्याण्णव. यादवराव?" तिसरा. "बावीस, दहा, त्र्याण्णव." तो लोकांकडे वळला. "अरे, हे बघितलं का? एकाचाही रिमोट पिशवीतून काढलेला नाही. पिशवीची गाठसुद्धा मीच बांधलेली आहे! अडीच वर्षांपूर्वी बांधलेली माझी गाठ! तुम्ही काय केलंत हो? एकानं दिला तो दुसऱ्याला दिला, त्यानं तिसऱ्याला दिला. अडीच वर्षं नुसता खोका फिरवताय?"

एव्हाना मांडवात कुणी हसत नव्हतं. देण्याघेण्याचं लुगडं कसं घरोघर फिरतं, न उलगडता, घडीवर घडी, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ठाऊक असणं वेगळं आणि माइकवरून तारखेसकट ऐकणं वेगळं. ज्यांचे खोके उघडायचे राहिले होते ते उठून उभे राहिले. "ए भो, बस झालं!" कुणी म्हणालं. "माइक बंद करा!" पण माइकवाला बॅटरीवर बसून डोळे विस्फारून बघत होता. असं लग्न त्याला पुन्हा मिळणार नव्हतं.

सातवा खोका माझा होता. त्याच्या तारखेबद्दल मला विचारू नका.

मग त्यानं लीलाधरशेठचा उचलला. नवा कोरा. थर्माकोलवर त्र्याण्णवची दिवाळी. आणि झाकणाच्या घडीत अडकलेलं एक लहानसं पाकीट. अभिमननं ते वाचलं. "सप्रेम भेट. मंजुळाबाई आणि परिवार, शेंदुर्णी."

मंजुळाबाई समोरच बसल्या होत्या, खमक्या बाई. "हा तर मी नणंदेच्या नातवाला दिला होता!" त्या ओरडल्या आणि नणंदेकडे वळल्या. "धुरपदे, माझा खोका शेठच्या दुकानात कसा गेला?"

धुरपदाबाईंनी पदर सावरला. "मग मी काय करू? आमच्याकडं टीव्ही नाही. मिक्सर घेतला बदलून. शेठच म्हणाले, फोडला नसेल तर आणा."

अभिमन वळला. "शेठ, म्हणजे परत आलेला खोका तुम्ही फळीवर ठेवता. पुन्हा विकता. आणि भिंतीवरच्या रेघेत पुन्हा एक विक्री मांडता. नऊशे खोके गेले म्हणालात ना? खरे किती आले मुंबईहून? चारशे! मी तपासलेत, मला माहीत आहे, पण मला वाटलं बाकीचे तुम्ही थेट दुसरीकडून मागवता. तुमची रेघ त्या कॅसेटसारखी आहे. वर लिहिलंय नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव, आत चौदा!"

लीलाधरशेठनं सरबताचा ग्लास खाली ठेवला. "तायडे, उद्यापासून जिन्याखाली बसू नकोस."

"नाही बसत! पण माझ्या बहिणीच्या गळ्यात तुम्ही दोनशे खोके बांधायला निघालात, ते चालवणारं घर एक तरी दाखवा!"

इथं तो थांबला असता तर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं. मी खूण केली, बस, बस. पण रागाला उतार लागला की तो पायथ्यापर्यंत जाऊनच थांबतो. शेवटचा एक खोका उरला होता. मास्तरांनी पुकारलेला, मला आठवत होता, त्यालाही आठवायला हवा होता. कुंदाबाई पुढं आली होती. "भाऊ," ती हळू म्हणाली, "हा राहू दे."

त्यानं ऐकलं नाही. फाडला, उलटा केला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, माइकमध्ये.

"कुंदीच्या पोरांना मामाकडून. आखाजी चौऱ्याण्णव. मोटारीची कॅसेट वेगळी घातली आहे, आधी ती..."

पटांगणात फक्त माइकची घरघर.

कुंदाबाईनं त्याच्या हातातून थर्माकोल ओढून घेतला. आधी आवाज लहान होता, मग चढत गेला. "बठ्ठा मांडोमा मनी लाज काढी तू! हाऊ खोका तूच दिन्हा व्हता ना? मंग माले घरमा येईसन इचारता येत नव्हतं? जपीसन ठेवेल व्हता मी. महागनी वस्तू, पोरं तोडी टाकतीन म्हणीसन जपीसन ठेवेल व्हता! भाचीना लगनले यान्हापेक्षा चांगलं काय देऊ मी?"

"कुंदे, तुझ्या दुकानासाठी..."

"दुकान मनं शे, तुनं नही!"

तिनं खोका काखेत मारला आणि मांडवाबाहेर गेली. तिच्यामागून एकेक जण आपापला खोका उचलून निघाला. नवरीकडे उरली फक्त सोललेली सेलोटेप. लग्नातून आहेर परत गेलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला. वाल्मीक, मुलीचा बाप, अभिमनसमोर येऊन म्हणाला, "माझ्या पोरीच्या लग्नात तुला हेच सापडलं का रे?" अभिमनला बाजार दिसला होता, मांडव दिसलाच नव्हता.

एक जूनला टेम्पो चाळीसगावला गेला तसाच रिकामा परत आला. कुंदाबाईनं मशिनी विकल्या नाहीत. पाटीही बदलली नाही. मात्र भावाला हे तिनं कळवलं नाही. त्याला ते माझ्याकडून कळलं, आणि मला तिच्या हाताखालच्या लीलाबाईकडून. कुणाला काय कळवायचं ते काम शेवटी माझ्यासारख्या माणसालाच करावं लागतं.

एजन्सी धुळ्याच्या एकानं घेतली. दिवाळी आली, आणि त्याचे दोनशे खोके तसेच पडून राहिले. कारण त्या रविवारनंतर खानदेशात कुणी टीव्ही गेम आहेर द्यायला धजेना. ज्याला खोका मिळायचा तो आधी उलटा करून थर्माकोल बघायचा. भिंतीवरची लाल रेघ अशी खाली आली की लीलाधरशेठनं कागदच काढून टाकला आणि तिथं एसटीडीचा फोन लावला. तो मला भेटला की अजून म्हणतो, "चांगला चाललेला बाजार तायडेनं मारला." नातेवाईकही तेच म्हणतात. मला याचाच राग येतो. बाजार मेलेलाच होता. लोक अडीच वर्षं त्याला खांद्यावरून मिरवत होते, आणि ज्यानं नाडी बघून सांगितलं त्याला वाळीत टाकलं! दीपनगरवाले सोडले तर या दोन जिल्ह्यांत त्या मशीनवर मनापासून कुणी खेळलं नाही. पोरं खोक्यावरची चित्रं बघत मोठी झाली. आई-बाप म्हणायचे, हात लावू नको, द्यायचा आहे.

पण रागाच्या भरात मी अभिमनलाही सोडलं नाही. एकदा त्याच्या तोंडावर म्हणालो, "तुझं बरोबर होतं, पण शेवटचा खोका का उघडलास?"

तो आता जिन्याखाली नव्हता. घराच्या ओट्यावर बसायचा. हातातल्या रेडिओचं झाकण दाबून बसवलं आणि खेकसला, "मला वाटलं, एक तरी उघडलेला असेल! त्यात वेगळी कॅसेट घातली होती मी. मोटारींची. चौदातली नाही, वेगळी. भुसावळहून शोधून आणली होती."

दोन आखाज्या कोऱ्या गेल्या. कुंदाबाई माहेरपणाला आली नाही. अभिमननं आमरस केला नाही, आणि आंबेवाल्यावर उगाच ओरडला.

यंदाच्या आखाजीला दुपारी मी त्याच्या ओट्यावर असताना रिक्षा थांबली. कुंदाबाई उतरली. काखेत तो खोका. कोपरे झिजलेले, सेलोटेप नवी. घरात न येता ओट्याच्या खालूनच म्हणाली, "पोरं मोठी झाली. एक कॉलेजला आहे, एक पुण्याला. आता तोडणारं कुणी नाही. लाव."

"घरात ये आधी."

"आधी लाव. राग गेलेला नाही माझा. 'एवढ्यासाठी आलीस का' असं बोलू नकोस."

त्यानं लावला. मोटारींची कॅसेट खोचली. एक रिमोट तिला दिला, एक स्वतः घेतला. बहीण चाळीस ओलांडलेली, भाऊ पन्नाशीचा. पहिल्या शर्यतीत दोघांच्या मोटारी खड्ड्यात. दुसरीत तिनं त्याला मागं टाकलं. शिवणाच्या मशीनवर पाय मारून मारून तिचा अंदाज पक्का झालेला, वळणावर कधी वेग सोडायचा ते तिला बरोबर समजे.

"बटण दाबायचं असतं कुंदे, ठोकायचं नसतं!"

"तू तुनी मोटार देख!"

"तू मधे घातलीस!"

"मग? तू मांडवात मधे आला नव्हतास?"

भांडत होते दोघं, तीन वर्षांचं साचलेलं, एकमेकांकडे न बघता, टीव्हीकडे बघून. दुकान, मशिनी, थर्माकोल, वाल्मीकची पोरगी, सगळं त्या शर्यतीत निघालं. मी मधे पडलो नाही. चहा मीच केला, आणि कान तिकडेच ठेवून केल्यामुळं तो उतू गेला.

चारच्या सुमारास लाइट गेला. दोघं रिमोट हातात धरून तशीच बसून राहिली. दहा मिनिटांनी लाइट आला, पंखा विमानासारखा घोंघावला, आणि भिंतीतून चट्‌ असा आवाज आला. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. टीव्हीवर मुंग्या.

अभिमननं प्लग उपसला. काळा पडलेला अडॅप्टर तळहातावर घेऊन नाकाजवळ नेला, आणि तीन वर्षांत मी पहिल्यांदा त्याला हसताना पाहिलं.

"जळला!" तो म्हणाला. "नाना, बघा! जळला!"

"त्यात हसायसारखं काय आहे?" कुंदाबाई कडाडली. "मी जिंकत होते! बस तिथं आणि दुरुस्त कर आधी."

तो बसला.